मेलीचे पाय मोकळे आहेत की!

आपल्याकडे उत्तरं देणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. कोकणात गुरवाने देवाला कौल लावला की फूल उजवीकडचं पडतं की डावीकडचं, यावर लग्नं ठरतात आणि बांधाचे वाद मिटतात. देवळाबाहेर पोपटवाला बसलेला असायचा. त्याचा पोपट पिंजऱ्यातून डुलत बाहेर यायचा, रांगेतलं एक पाकीट चोचीने ओढायचा आणि दाणा मिळाला की निमूट आत जायचा. (दक्षिणेवर समाधानी असलेला माझ्या पाहण्यातला हा एकमेव ज्योतिषी.) शिवाय पंचांग आहे, रविवारचं राशिभविष्य आहे आणि एवढ्यानेही भागलं नाही तर मावशी आहेत. मावशींना तर प्रश्नही विचारावा लागत नाही.

हे सगळे सांगणार आणि आपण माना डोलवायच्या. ‘बाई गं, तुला स्वतःला काय वाटतं?’ असं उलटून विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे भाचीने घर बदलताना ‘मावशी, तुझ्याकडे राहू दे’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेला टॅरोच्या पत्त्यांचा संच मला आवडून गेला, याचं आमच्या घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. ह्यांना तर काळजीच वाटली. पण मी त्या पत्त्यांकडून भविष्य ऐकत नाही. छापील पुठ्ठ्याला माझं भविष्य कळणार नाही, इतपत अक्कल मला आहे. त्याला माझं काहीच ठाऊक नसतं, हीच त्याच्यासमोर बसण्यातली सोय. नात्यातल्या कुठल्याही माणसासमोर ती मिळत नाही.

मुळात हे पत्ते भविष्यासाठी जन्मालाच आलेले नाहीत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा या सरदारी घराण्यांच्या आसपास, हा चक्क पत्त्यांचा डाव होता. त्यातली २२ खास पानं, म्हणजे ज्यांच्याकडे बघून आज लोकांचे हात थरथरतात ती, बहुतांशी हुकुमाची पानं होती. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात अजूनही लोक त्यांनी खेळतात, हात मारतात आणि भागीदारावर चिडतात.

गूढपणा आला तो नंतर. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की हा तर प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉं या दुसऱ्या फ्रेंच विद्वानाने ती उलगडली १८२२ साली. म्हणजे विद्वानांना अडवायला मधली चाळीस वर्षं कोणी नव्हतं. जेबलँच्याच सुमारास पॅरिसमध्ये आलिएत नावाच्या गृहस्थाने आपलं आडनाव उलटं लिहून ‘एतेला’ केलं आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा रीतसर धंदा मांडला. आपल्याकडे कोणी जोशीबुवांनी ‘शीजो’ अशी पाटी लावली असती तर गिऱ्हाईक फिरकलं असतं का? पॅरिसमध्ये फिरकलं.

आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा या बाबतीत नशीबवान. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल गोल देखणी पानं. टॅरोच्या ७८ पानांपेक्षा ४२ जास्त! पण त्याच्या वाट्याला कोणी जेबलँ आला नाही, म्हणून बिचारा सुखाने खेळ राहिला.

माझ्याकडचा संच आहे १९०९ सालच्या लंडनचा, म्हणजे त्याची आजची छपाई. आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना सांगितली आणि पामेला कोलमन स्मिथ या बाईने काही महिन्यांत सगळी ७८ चित्रं काढली. पूर्वीच्या बहुतेक संचांत साध्या पानांवर नुसते पाच पेले किंवा आठ तलवारी असत. हिने त्यांच्यात माणसं आणली: रुसलेली, झोप उडालेली, काठ्यांचा भारा उचलून वाकलेली. टॅरोसमोर बसून मनातलं बोलावंसं वाटतं ते या माणसांमुळे. बाईंना मोबदला अगदी किरकोळ मिळाला आणि काम डोंगराएवढं नि पैसे जेमतेम, अशी कुरकूर त्यांनी पत्रात केलेली आहे. संचाला नाव पडलं ‘रायडर-वेट’. त्यातले रायडर हे प्रकाशक. १९५१ साली बाई गेल्या त्या कर्जात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांची वळणदार आद्याक्षरं आहेत, तेवढी मात्र कोणाला खोडता आली नाहीत. दिवाळी अंकांसाठी चित्रं काढलेल्या कोणालाही ही हकिगत पुन्हा समजावून सांगावी लागणार नाही.

आता माझी पद्धत. सकाळी दुसरा चहा झाला की पत्ते पिसायचे आणि एकच पान काढायचं. सोबतची पुस्तिका उघडायची नाही. (तिचं अक्षर इतकं बारीक आहे की हा नियम पाळायला मला मनोनिग्रह लागत नाही.) चित्रात काय दिसतं ते वहीत लिहायचं आणि मग ‘आत्ताच हे का दिसलं?’ एवढंच स्वतःला विचारायचं. ‘सुनेचं आणि माझं पटेल का?’ हा प्रश्न इथे बाद. ‘ती पोळ्या विकत आणते याचा मला इतका राग का येतो?’ हा चालतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना माझं अख्खं पान भरलं, आणि त्यात पोळ्या दोनच ओळींत होत्या.

आमच्या समोरच्या वहिनींची पद्धत वेगळी. मनासारखं पान येईपर्यंत त्या काढतच राहतात. मी आधी नाक मुरडलं, पण त्यातही अर्थ आहे. आपल्याला नक्की काय ऐकायचं होतं, ते त्यांना पाचव्या-सहाव्या पानाला बरोबर कळतं. तेरा नंबरचं पान निघालं तेव्हा मात्र त्या देवघराकडे धावल्या. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा, खाली आडवा पडलेला राजा, आणि नंबर तेरा, म्हणजे तेरावंसुद्धा उरकलेलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, ‘विम्याचा हप्ता भरलाय ना?’ मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे, तो उगवतोय की मावळतोय यावर आमचं अर्धा तास वाजलं. मी उगवता म्हणते, हे मावळता. निवृत्त झाल्यापासून ह्यांना सगळेच सूर्य मावळते दिसतात, ही माहिती मला त्या पत्त्याने दिली.

पण खरी कमाल केली आमच्या सासूबाईंनी.

त्या दिवशी ‘आठ तलवारी’ हे पान निघालं होतं. लाल झग्यातली बाई, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती कापडाचे वेढे, भोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी, पायाखाली चिखलपाणी, मागे उंचावर वाडा. मला ताबडतोब ओळख पटली. ही मीच. गेली कित्येक वर्षं मी आमच्या सोसायटीची मानद सेक्रेटरी आहे. गळती, पार्किंग, पाण्याचा टँकर, तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा, सगळं माझ्या डोक्यावर. दर वार्षिक सभेत मी ‘आता मला मोकळं करा’ म्हणते आणि सगळे टाळ्या वाजवून मला पुन्हा निवडून देतात. मी वहीत ‘अडकलेली’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी पत्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, ‘मेलीचे पाय मोकळे आहेत की! चालत का सुटत नाही?’

मी पाहिलं. खरंच मोकळे होते. तलवारींचं कुंपणही अर्धवटच होतं, समोरची बाजू सताड उघडी.

‘डोळ्यांवर पट्टी आहे, तिला दिसत नसेल,’ मी त्या बाईचं वकीलपत्र घेतलं.

‘चिखल पायाला कळतो,’ सासूबाई म्हणाल्या. आणि शेंगा सोलता सोलता पुढे, ‘बांधलेल्या बाईला एक बरं असतं. चहा टाक म्हणून कोणी सांगत नाही.’

मी वही मिटली. नंतर एकटीने उघडली आणि सेक्रेटरी म्हणून पडणारी कामं एका बाजूला नि त्या निमित्ताने टळणाऱ्या गोष्टी दुसऱ्या बाजूला, अशी यादी केली. नणंदेच्या घरची हळदीकुंकवं, ह्यांच्या मित्रांच्या सहली, दुपारी साडेतीनचा कंटाळा. दुसरी बाजू बरीच लांब झाली. शिवाय लिफ्टमध्ये लोक मला आधी आत सोडतात, हेही लिहिलं. सेक्रेटरीपद मी सोडलेलं नाही. सभेत ‘मला मोकळं करा’ म्हणणं तेवढं सोडलं, तर लोकांना वाटलं मी आजारी आहे.

ह्यांचं म्हणणं असं की यात टॅरोचं काय कौतुक? ते कुठूनसं वाचून आले होते. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांना त्यांचं ‘खास’ स्वभाववर्णन दिलं आणि ते कितपत जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातला मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. ‘तुझंही तेच,’ हे म्हणाले, ‘कुठलंही पान काढ, तुला तूच दिसणार.’

अगदी बरोबर. म्हणूनच तर काढते. फसवणूक सुरू होते ती दुसऱ्याने फी घेऊन ‘तुमच्यावर कोणाची तरी नजर आहे’ असं सांगितल्यावर. लिंबं, मेणबत्त्या आणि ‘एनर्जी’ची बिलं तिथून पुढे येतात. आपला पत्ता आपण काढून आपल्याच वहीत खडखडीत खरं लिहिलं, तर शाईपलीकडे खर्च नाही. ज्याची झोप खरोखर उडाली आहे त्याने पत्ते पिसत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. बाकी आपण सगळे किरकोळ गुंत्यातली माणसं. आपल्याला ७८ चित्रं पुष्कळ झाली.

तुमच्याही घरात कोणाच्या तरी भाचीने असा संच ठेवला असेल, तर पुस्तिका बाजूला ठेवून एक पान काढून बघा. घरात कोणी शेंगा सोलत असेल तर तिलाही दाखवा. फक्त त्याचा फोटो काढून ‘ताई, याचा अर्थ काय?’ असं मला विचारू नका. गळती आणि पार्किंगच्या तक्रारी मात्र लेखी द्या, सकाळी दहानंतर.