सिंकखालील व्यवस्थेचा अल्पपरिचय

स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की ओट्याचा ग्रॅनाइट, शटरचा रंग आणि चिमणीचा आवाज यांवर कुटुंबात जो ऊहापोह होतो, त्याच्या शतांशानेही सिंकखालच्या पाइपावर होत नाही. ते कपाट परंपरेने कचऱ्याच्या डब्याच्या ताब्यात असते. सिंकच्या भोकात बसणाऱ्या जाळीदार भागास वेस्ट कपलिंग म्हणतात, आणि तेथून पाणी बहुधा वळ्यावळ्यांच्या प्लास्टिक पाइपातून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीत बसवलेल्या व तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याकडे, जाते. हा पाइप हवा तसा वाकतो म्हणून तो प्लंबरला प्रिय असतो. मात्र त्याच्या प्रत्येक वळीत आमटीचा तवंग, तुपाचा अंश आणि भाताची शिते मुक्कामाला राहतात व यथावकाश संघटित होऊन पाणी अडवतात. पाइप आणि फरशीतले भोक यांच्यामधील फट जुन्या बनियनच्या चिंधीने बुजवण्याची पद्धत सर्वमान्य आहे, झुरळांना ती मान्य नसली तरी.

याहून शहाणा उपाय म्हणजे बॉटल ट्रॅप. त्यात साधारण 50 मिलिमीटर खोलीचे पाणी कायम साठून राहते आणि गटारातील वायूंची वाट अडवते; या अडसराला वॉटर सील म्हणतात. शौचकूपासाठी अशाच तत्त्वावरील वाकड्या नळीचे पेटंट 1775 साली घेणारा अलेक्झांडर कमिंग हा घड्याळजी होता. प्लंबिंगचा घड्याळाशी इतका निकटचा संबंध त्यानंतर आलेला दिसत नाही.

जोडणीतील खरा कर्ता पुरुष असतो तो रबरी वॉशर, कारण नट केवळ त्याला दाबून धरतो. वॉशर सरळ बसला असेल तर हाताने आवळून वर पान्याचा किंचित फेर पुरतो; पण आवळण्यात पौरुष आहे अशी समजूत असल्याने प्लास्टिकच्या आट्या तडकतात, मग जेथे वॉशरच पाणी अडवतो तेथेही टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते, आणि शेवटी सर्वांवर एम-सीलचा लेप चढून पुढील दुरुस्तीत तो सांधा कापूनच काढावा लागतो.

प्लंबरला पैसे देण्यापूर्वी खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरावा, सिंक काठोकाठ भरावे आणि बूच एकदम काढावे. नळ बारीक सोडून पाहिल्यास बहुतेक सांधे निर्दोषच ठरतात.