संदर्भ क्रमांक चार

(स्थळ : तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. वेळ : व्याख्यानाआधी तासभर.)

वक्ते : मॅडम, वाय-फायचा पासवर्ड तेवढा द्या. आज ‘आपल्या गावचा वारसा’वर बोलायचंय.

ग्रंथपाल : सर, गॅझेटियर काढून ठेवलंय. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंडही समोरच आहेत.

वक्ते : तेवीस! अहो, साडेसहाला लोक येतील.

ग्रंथपाल : एखादाच खंड लागेल.

वक्ते : तो कोणता, हे शोधण्यात सात वाजतील. विकिपीडियाचा पहिला परिच्छेद वाचला की वीस मिनिटं आरामात बोलता येतं.

ग्रंथपाल : आणि दुसरा वाचला तर?

वक्ते : शंका यायला लागतात. शंका घेऊन व्यासपीठावर चढू नये.

ग्रंथपाल : गेल्या वर्षी तर तुम्ही म्हणालात, तिथं कुणीही येतं नि काहीही लिहून जातं.

वक्ते : तेव्हा विषय ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ होता. अहो, ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं 2005 साली विज्ञानावरचे 42 लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. लेखामागे विकिपीडियात सरासरी चार चुका, ब्रिटानिकात तीन. एका चुकीच्या फरकासाठी एवढाले खंड कोण विकत घेणार?

ग्रंथपाल : ब्रिटानिकानं त्या तपासणीवरच जोरदार हरकत घेतली होती.

वक्ते : ती दुसऱ्या परिच्छेदात असेल.

ग्रंथपाल : मीही विकिपीडिया वापरते हो. पण खालचे संदर्भ उघडून बघते, ‘इतिहास पहा’वर जाऊन कुणी कधी काय बदललं ते बघते. जर्मनीत 2009 मध्ये गुटेनबर्ग नावाचे गृहस्थ अर्थमंत्री होणार होते. आधीच त्यांची दहा नावं. कुणीतरी गंमत म्हणून विकिपीडियावर त्यात ‘विल्हेल्म’ घुसडलं. पाठोपाठ वर्तमानपत्रांनी ते छापलं. मग विकिपीडियावर कुणी शंका काढली, तर पुरावा म्हणून माध्यमांत आलेली बातमीच दाखवली!

वक्ते : (पोट धरून हसत) म्हणजे चोरानंच पंच म्हणून सही केली! जर्मन इतके भाबडे? छे! आपल्याकडे असं चालायचं नाही. हे बघा, आपल्या गावचं पान. ‘येथील बारव बाराशे वर्षे जुनी आहे.’ पुढे कंसात चार. संदर्भासहित!

ग्रंथपाल : उघडा बरं चार.

वक्ते : त्याची काय गरज... बरं. (वाचतात) स्थानिक दैनिक. ‘वाचनालयाच्या व्याख्यानमालेत बोलताना प्रसिद्ध वक्ते...’ (थांबतात.) फोटो बरा आलाय.

ग्रंथपाल : सर, गॅझेटियरमध्ये त्या बारवेचं वय दिलेलंच नाही. तुम्हाला बाराशे कुठून मिळाले?

वक्ते : बारव... बाराशे... अनुप्रास जुळला. टाळ्याही पडल्या होत्या.

ग्रंथपाल : मग आता दुरुस्त करा. ‘संपादन’ तिथंच वर आहे, कुणालाही करता येतं.

वक्ते : मी? आणि आज व्यासपीठावर काय सांगू?

ग्रंथपाल : वय ठाऊक नाही म्हणून सांगा.

वक्ते : त्याला टाळ्या पडत नाहीत. (मोबाईल खिशात ठेवत) शिवाय, छापील पुरावा आहे मॅडम. एकट्या माझ्या सांगण्यावरून तो कसा खोडायचा?

ग्रंथपाल : बातमीत तुमचंच सांगणं आहे सर!

वक्ते : तेच म्हणतो मी! तज्ज्ञाचं मत आहे. बरं, एक विचारू? चौथ्यावरून पहिल्या क्रमांकावर जायला काय करावं लागतं हो?