पेट्रोलकाटा-मीमांसा, शीतप्रकरणासह

लहान मोटारगाडीच्या हातपुस्तिकेचे वाचन महाराष्ट्रात अद्याप सुरू झालेले नाही. ही संहिता डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली आणि गाडीच्या पूजेतून उरलेल्या कुंकवाच्या पुडीशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद पडून असते. त्यामुळे पेट्रोलकाटा आणि एसी या दोन गहन विषयांचे आपले सगळे ज्ञान मौखिक परंपरेने आलेले आहे. आणि मौखिक परंपरेत जे होते ते इथेही झाले, संप्रदाय पडले. प्रस्तुत लेखकाने औंढा नागनाथ मुक्कामी, एक लिटर इंजिनाच्या एका नव्या कोऱ्या गाडीच्या निमित्ताने, या संप्रदायांचा धांडोळा घेतला आहे. गाडीची कंपनी सांगत नाही. निष्कर्ष सगळ्यांनाच लागू असल्यामुळे एकीचे नाव घेणे म्हणजे बाकीच्यांवर अन्याय होईल.

मूळ वाद असा. नवा मालक टाकी फुल करतो. काटा वर जाऊन बसतो आणि मग तिथून हलत नाही. माणूस हिंगोलीला जाऊन येतो, वसमतला हळदीचा भाव विचारून येतो, काटा आपल्या जागी. मालकाचा स्वभाव या काळात बदलतो. तो पानटपरीवर ॲव्हरेजचे आकडे सांगू लागतो, आणि ते ऐकणारा मनातल्या मनात त्यातून पाच वजा करतो. मग एके दिवशी काटा अर्ध्यावर येतो, आणि अर्ध्यापासून खालचा प्रवास इतक्या झपाट्याने उरकतो की मालक गाडीखाली वाकून टाकी गळते का ते पाहतो. शोरूममध्ये तक्रार नेली की उत्तर मिळते, ‘साहेब, सगळ्या गाड्यांना असंच असतं.’ या वाक्याला आप्तवाक्य म्हणावे की पळवाट, यावर विद्वानांत एकमत नाही.

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. टाकीतल्या पेट्रोलला ही चारही लावून पाहिली पाहिजेत. दुचाकीच्या युगात प्रत्यक्षाची सोय होती. झाकण उघडायचे, एक डोळा मिटून आत बघायचे. दिसले नाही तर गाडी दोन्ही मांड्यांमध्ये धरून हलवायची आणि आतली खळखळ ऐकायची. बजाजच्या चेतकवर वाढलेल्या पिढीला तर यापुढचीही विद्या अवगत होती: स्कूटर बंद पडली की तिला एका अंगावर आडवी करायची, क्षणभर थांबायचे, उभी करून किक मारायची. कोपऱ्यात साठलेले उरलेसुरले पेट्रोल त्यामुळे कामी येई आणि स्कूटर पंपापर्यंत जाई. शिवाय ‘रिझर्व्ह’ नावाची चावी होती. रिझर्व्हला लागली म्हणजे नेमके काय झाले, हे लहान पोरालाही कळत असे. मोटारीत ही चावी नाही. मोटार आडवी करता येत नाही. केली तर पुढचा प्रश्न पेट्रोलचा उरत नाही. म्हणून मोटारीत प्रत्यक्ष बाद. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, तसा काटा वर दिसला म्हणजे टाकीत पेट्रोल आहे, एवढे अनुमानच हाती राहते. आणि धूर तरी अग्नीतून निघतो. काटा कशातून निघतो?

इथे थोडे टाकीत उतरावे लागेल. टाकीच्या आत एका तारेच्या दांडीला प्लास्टिकचा तरंगता तुकडा बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला ‘फ्लोट’ म्हणतात. पेट्रोल कमी झाले की फ्लोट खाली येतो, दांडी वळते, दांडीच्या बुडाशी असलेला स्पर्शक एका विद्युतरोधाच्या पट्टीवरून सरकतो, प्रवाह बदलतो आणि डॅशबोर्डवर काटा हलतो किंवा एखादी कांडी विझते. म्हणजे हे यंत्र लिटर मोजतच नाही. ते फक्त एका तुकड्याची उंची सांगते. उंचीवरून लिटर काढायला टाकी सरळ चौकोनी हवी, आणि ती तशी कधीच नसते. मागची सीट, आस आणि सायलेन्सरची नळी यांनी आपापली जागा घेतल्यावर जे काही उरते त्यात टाकी कोंबलेली असते. वरच्या बोटभर थरात आणि तळाच्या बोटभर थरात सारखे पेट्रोल असेलच असे नाही. त्यात टाकी पूर्ण भरण्याआधीच फ्लोट छताला टेकतो. टेकल्यावर अजून दोन-तीन लिटर आत गेले तरी त्याला ते कळण्याचा मार्ग नाही. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘अजून बसतंय, राऊंड फिगर करा’ म्हणणारे मालक हेच दोन-तीन लिटर भरून घेतात, आणि पुढे कित्येक किलोमीटर काट्याच्या त्या निश्चलतेला गाडीचा गुण समजतात.

आणखी एक गोष्ट. खड्ड्यात पेट्रोल हिंदकळते, वळणावर एका बाजूला धावते. फ्लोटने प्रत्येक हिंदकळ्याला दाद दिली असती तर आपल्या रस्त्यांवर काटा सतत हात हलवत राहिला असता. म्हणून त्याला मुद्दाम मंद केलेले असते. थोड्या वेळाची सरासरी काढून तो बोलतो. शिवाय शून्याखाली कंपनीने थोडे पेट्रोल गुपचूप राखून ठेवलेले असते. कारण इंधनाचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडून बसतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी करत बसणाऱ्या माणसाचा पंप तापतो, मग तो पंप बदलावा लागतो, आणि त्याचे बिल पाहून माणूस तापतो.

तेव्हा प्रस्तुत लेखकाचे मत असे की काटा खोटे बोलत नाही. आपण विचारतो, ‘जिंतूरपर्यंत पोचू का?’ काटा उत्तर देतो, ‘तुकडा इतक्या उंचीवर तरंगतोय.’ प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे. ही चूक काट्याची की प्रश्नाची, याचा निर्णय करताना घाई करू नये.

हा विचार औंढ्यातच सुचावा याला कारण आहे. इथून जवळ दुधाळ्याच्या माळावर लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांचा खर्च मान्य केला. काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांत धावणारा लेसर, आणि मोजायचे काय, तर त्या बाहूंच्या लांबीत पडलेला फरक; तोही प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहून लहान. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी, सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची खूण पकडली होती. म्हणजे एकाच तालुक्यात मापनाची दोन टोके नांदणार. एक यंत्र कृष्णविवरांची खबर आणील. दुसऱ्याला बुडाखालच्या टाकीत पाच लिटर आहे की दोन, ते सांगता येत नाही.

पण तुच्छतेने बघू नये, दोघांचे कुळ एक आहे. कृष्णविवर लिगोलाही दिसत नाही, तीही लांबीच मोजते. तिचाही निम्मा जीव धक्के शांत करण्यात जातो. जमिनीची थरथर, दूरच्या वाहनांची धडधड, हे सगळे वेगळे काढून मग उरलेले ऐकायचे. म्हणून तर तिला शांत जमीन शोधावी लागली. फ्लोटला असे जागेचे लाड कोणी पुरवले नाहीत. त्याला आहे त्या रस्त्यावर वेध घ्यावा लागतो.

नव्या गाड्यांनी काट्यावर एक भाष्यकार नेमला आहे. ‘अजून किती किलोमीटर जाल’ हे तो आकड्यांत सांगतो. भाष्यकारांचा स्वभाव असतो तसा हा मूळ ग्रंथापेक्षा जास्त ठाम. मागच्या काही काळात गाडी कशी चालली त्यावर तो पुढचा हिशेब मांडतो. त्यामुळे लांब उतार उतरून आले की आकडा वाढतो, म्हणजे चालल्याने पेट्रोल निर्माण होते. उलट बसस्टँडसमोर एसी लावून कुणाची तरी वाट बघत उभे राहिले की गाडी इंचभर न हलता आकडा उतरू लागतो. कळस असा की टाकी खरोखर तळाला गेली, दिवा पेटला, घरची मंडळी विचारू लागली, की कित्येक गाड्यांत हा भाष्यकार आकडा काढून तिथे तीन आडव्या रेघा ठेवतो आणि मौन धरतो.

आता शीतप्रकरण.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्या परभणी जिल्ह्याची, त्यातूनच 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. विभागणीत कार्यालये, कपाटे, फायली वाटल्या गेल्या. ऊन मात्र दोघांनाही पुरेपूर मिळाले. मे महिन्यात औंढ्याच्या वाहनतळावर दुपारभर उभी राहिलेली गाडी उघडणे हा एक विधी आहे. दार उघडून कोणी आत बसत नाही. आधी वाफ जाऊ द्यायची, मग स्टिअरिंगला बोटाने शिवून बघायचे, मग रुमाल टाकून धरायचे. आणि त्यानंतर ज्या एसीवर आशा ठेवली आहे, तो सुरुवातीला गरम हवाच फेकतो. ‘नवी गाडी अन् कुलिंग नाही व्हय?’ असा प्रश्न मागच्या सीटवरून येतो. बहुधा दाजींकडून.

दाजींना उत्तर द्यायचे तर 1902 सालापर्यंत मागे जावे लागते. विलिस कॅरिअर यांनी आधुनिक वातानुकूलन ज्याच्यासाठी रचले तो कोणी उकाड्याने हैराण झालेला माणूस नव्हता. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आकसे आणि रंग जागेवर बसत नसत. त्या कागदासाठी ही सोय झाली. माणसे त्यात नंतर शिरली. मोटारीत एसी आला तो अमेरिकेतल्या पॅकार्ड गाड्यांत, 1940 च्या सुमारास. जन्मखुणा सहजासहजी जात नाहीत. आजही लहान गाडीतला साधा एसी माणसाला गार वाटते की नाही याची चौकशी करत नाही. त्याचे लक्ष डॅशबोर्डच्या आत बसलेल्या कॉइलच्या तापमानावर असते. कॉइल इतकी गार झाली की आता तिच्यावर बर्फ धरेल, असे वाटले की कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून सुटतो. थोडी तापली की पुन्हा ‘टक’. दाजी घामाने भिजले आहेत ही माहिती या व्यवहारात कुठेच पोचत नाही. काटा आणि एसी या दोघांचे गोत्र इथे जुळते.

निळ्याकडून लालकडे जाणारे बटण हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय. लोक समजतात की बटण मध्यावर आणले की एसी मध्यम चालतो आणि पेट्रोल वाचते. साध्या एसीत तसे काही होत नाही. कॉम्प्रेसर आपल्या ताकदीने हवा गार करतो. मग बटण आतली एक झडप हलवते आणि त्याच गार हवेत हिटरची गरम हवा मिसळते. पेट्रोल जाळून गार करायचे, मग इंजिनाची उष्णता घालून कोमट करायचे, आणि त्याला काटकसर म्हणायचे. आमच्या मावशी बटण मध्यावरच ठेवतात, कारण ‘एकदम गार सोसत नाही’. शास्त्र त्यांच्या विरुद्ध असले तरी गाडीतले बहुमत त्यांच्या बाजूने आहे.

लहान इंजिनावर कॉम्प्रेसर पट्ट्याने ओढला जातो, तेव्हा त्याचा लोड लगेच जाणवतो. चढाला गाडी दम खाते, ड्रायव्हर काही न बोलता एसी बंद करतो, चढ संपला की चालू करतो. पुष्कळ गाड्या हे काम आता स्वतःच करतात: पाय पूर्ण दाबला की संगणक कॉम्प्रेसरला काही क्षण रजा देतो. दर्शनाच्या गर्दीत गाडी जागीच घुरघुरत उभी असते तेव्हा उलटा प्रकार. इंजिन हळू, म्हणून कॉम्प्रेसर हळू. समोरून वारा नाही, म्हणून पुढची जाळी तापलेली. सगळ्यात जास्त गारवा हवा तेव्हाच तो सगळ्यात कमी. महाशिवरात्रीला नागनाथाच्या रांगेत ज्यांनी गाडी अडकवली आहे त्यांना आणि त्या देवळाच्या जमिनीखालच्या अरुंद गाभाऱ्यात घामाघूम होऊन जे उतरले आहेत त्यांना, दोघांना मिळणारे तप सारखेच. फक्त गाभाऱ्यातल्या तपाचे पुण्य लागते.

पाण्याविषयी थोडक्यात. श्रावणात नव्या गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले तर घाबरू नये. दमट हवेतली वाफ कॉइलवर निवते आणि नळीतून खाली गळते. कोरड्या मे महिन्यात हे पाणी फारसे दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात गाडी घेणाऱ्याला पावसाळ्यात धक्का बसतो. शहाणी माणसे बोट लावून वास घेतात.

राहिला झाकणाचा प्रश्न. टाकीचे झाकण डावीकडे की उजवीकडे, हे पंपावर वळेपर्यंत कोणालाही आठवत नाही. टाटांची नॅनो 2009 साली बाजारात आली तेव्हा तिने दोन्ही बाजू नाकारून पेट्रोल भरायला पुढचे बॉनेट उघडायला लावले; त्या मताला अनुयायी मिळाले नाहीत. पेट्रोलच्या चित्राशेजारी एक बारीक बाण असतो आणि तो झाकणाची बाजू दाखवतो. 1986 साली फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांना ही कल्पना सुचली, पावसात भिजत चुकीच्या बाजूने गाडी लावल्यावर. अख्ख्या डॅशबोर्डवर विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणारे हे एकच चिन्ह, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आमचेही तेच झाले. औंढ्यात अशी कथा सांगतात की नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या अंगाला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. म्हणून नंदी मागे राहिला, असे लोक दाखवतात. आमची गाडी चुकीच्या अंगाला उभी राहिली तेव्हा दाजी म्हणाले, ‘आता काय पंप फिरंल व्हय आपल्यासाठी? घ्या वळवून.’ पंपावरच्या पोराने मात्र नळी टपावरून ओढून घेतली.

‘ऱ्हाऊ द्या मालक, पाइप पुरतो. झिरो बघून घ्या.’