एकवीस गुंजा दारू

जुन्या बंदुकांचा नाद असलेला माणूस ओळखायला सोपा. त्याच्या बोटांना तेलाचा वास येतो, कपाटात कागदांची जाडजूड फाइल असते, आणि त्याने काढलेला बार गल्लीत कुणी ऐकलेला नसतो. आमच्या आदर्श नगरातले ठाकूरसाहेब या तिन्ही कसोट्यांना उतरतात. जयपूरची ही वस्ती फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी भरली. त्यामुळे इथल्या संध्याकाळच्या गप्पा कापडाच्या, प्लॉटच्या आणि पापडाच्या. त्यात आजोबांच्या रिव्हॉल्व्हरवर बोलणारे ठाकूरसाहेब एकटे आणि ऐकणारा मी एकटा. मराठी माणसाला स्वतःच्या गतवैभवाचा उमाळा असतोच, दुसऱ्याचंही त्याला ऐकवतं.

रिव्हॉल्व्हर वेब्लीचं, बत्तीस बोअरचं. घोड्याशेजारचा खटका दाबला की नळी पुढच्या बाजूला मोडते, मधून एक चांदणी वर येते आणि सहाच्या सहा पुंगळ्या एका दमात बाहेर पडतात. ठाकूरसाहेब हे प्रात्यक्षिक रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करत असल्याने बाहेर काहीच पडत नाही. पण ते गालिच्याकडे असे बघतात, की आपणही वाकून पुंगळ्या शोधायला लागावं. या हत्याराने शिकारी फारशा पाहिल्या नाहीत, निवडणुका मात्र भरपूर पाहिल्या. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून परत आणायची. “हुकुम,” ठाकूरसाहेब म्हणतात, “लोकशाहीची सेवा या घरात माझ्यापेक्षा यानंच जास्त केली आहे.”

काडतुसं किती घेता येतील हे परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार मोजून देतो आणि वहीत मांडतो. त्यातलं एक त्यांनी मला हातात घेऊ दिलं. बुडावर इंग्रजीत ‘के एफ’ अशी अक्षरं होती. म्हणजे किर्की, म्हणजे आपली पुण्याची खडकी, १८६९ पासूनचा तिथला दारूगोळा कारखाना. राजपुतान्यातल्या वेब्लीचं पोट खडकीवर चालतं हे कळल्यापासून मी त्यांच्याकडचा चहा जरा हक्काने पितो.

विकतच्या काडतुसावर समाधान मानणारा माणूस या नादात अजून उंबरठ्यावरच समजला जातो. अमेरिकेतले पोचलेले लोक काडतूस घरी भरतात. झाडलेली पुंगळी जपून ठेवायची, बुडातली जळलेली टोपी काढून नवी बसवायची, पुंगळी साच्यात घालून पुन्हा मापात आणायची, दारू तोलून ओतायची, वर शिशाची गोळी बसवून तोंड आवळायचं. हा उद्योग जुना आहे. विंचेस्टरने १८७३ साली आपली प्रसिद्ध रायफल काढली, तेव्हा तिच्यासोबत काडतुसं भरायचं हत्यारही विकायला ठेवलं. दिसायला थेट अडकित्ता. ओलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्टांचा कारखानदार, त्यामुळे गिऱ्हाइकाला कपड्यानंतर बटणंही लागतात हे त्याला ठाऊक असणार. या रायफली सात लाखांच्या वर खपल्या. पाच वर्षांनी कोल्टने त्याच ४४-४० काडतुसावर चालणारं रिव्हॉल्व्हर काढलं आणि खांद्यावरच्या रायफलीचा नि कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा शिधा एक झाला.

त्या काडतुसाच्या नावातला चाळीस हा आकडा दारूच्या वजनाचा आहे, चाळीस ग्रेन. मी तो एका दुपारी ठाकूरसाहेबांच्या ओट्यावर आपल्या मापात बसवून पाहिला. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला होता. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. म्हणजे चाळीस ग्रेन दारू एकवीस गुंजांच्या आसपास येते, आणि दोनशे ग्रेनची गोळी राणीछाप रुपयापेक्षा जरा जड. जोहरी बाजारात पाचूचे खडे अजून गुंजेच्या, म्हणजे रत्तीच्या भाषेत विकले जातात, त्या गावात हा हिशेब कुणाला अवघड नाही. ठाकूरसाहेबांनी ‘एकवीस रत्ती’ असं मोठ्याने म्हटलं, तेव्हा समोरून जाणाऱ्या एका सराफाने थांबून खडा कोणता म्हणून विचारलं.

विंचेस्टरची रचना मला वेब्लीपेक्षा विनोदी वाटते. चापाखालची कडी खाली ओढली की जुनी पुंगळी उडते आणि घोडा चढतो. कडी वर नेली की नवं काडतूस जागेवर. काडतुसांचा साठा नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. त्या बुडातच तर टोपी असते. टोकदार गोळी घातली आणि धक्का बसला तर मागचा पुढच्याला झाडायचा. म्हणून त्या गोळ्यांची नाकं चपटी करतात. पडद्यावर ही भीती कधी दिसत नाही. ‘मॅकेनाज गोल्ड’ पाहून घरी आलेली आमची पिढी महिनाभर छत्रीची कडी ओढत हिंडत होती. रिव्हॉल्व्हर त्याआधीच बाबूराव अर्नाळकरांनी घरोघरी पोचवलं होतं. त्यांच्या पुस्तकांत ते सतत रोखलेलं असे. पुन्हा भरताना कुणी सापडलं तर मला कळवा.

बार हाताने भरणारा आपल्याकडे नाही असं मात्र नाही. कोकणात ठासणीच्या बंदुकीला शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो, आणि ती बाळगणारा शेतकरी प्रत्येक बार स्वतःच बांधतो. नळीत दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, शेवटी कानावर केप. एवढं होईपर्यंत रानडुकराचं जेवण आटोपून तो पाणी प्यायला गेलेला असतो. तरीही बार काढायचाच, निदान उद्यासाठी निरोप म्हणून. नव्या बंदुकीचं काडतूस घरात भरायला मात्र जाऊ नये. १९५९ चा शस्त्र कायदा दारूगोळा बनवायलाही परवाना मागतो. ठाकूरसाहेबांची हौस त्यामुळे तराजूपर्यंत येऊन थांबली. तराजू त्यांनी आणला आहे. त्यावर ठकुराणी केशर तोलतात.

गोऱ्या साहेबाला तर नुसत्या मापाचीही धास्ती होती. शिकारीच्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या जुन्या लष्करी रायफलींना चालतील म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४६५ आणि .४७० अशी मापं काढली. राजेरजवाड्यांनी तीही विकत घेतली. सरकारने नियम करावा आणि त्याने भलत्याचाच गल्ला भरावा, ही प्रथा बरीच जुनी दिसते.

हाताने भरण्याची परमावधी बघायची तर जयपूरजवळच्या जयगडावर जावं. सवाई जयसिंगांच्या काळात १७२० साली ओतलेली जयबाण तोफ तिथे चाकांवर उभी आहे. नळीच वीस फुटांची आणि पन्नास टनांची. एका गोळ्यामागे शंभर किलो दारू. चाचणीला एकदा डागली, गोळा पस्तीस किलोमीटरवर चाकसूला पडला आणि तिथे तळं झालं असं सांगतात. तळ्यावर माझा विश्वास नाही, ठाकूरसाहेबांचा आहे. पण ती लढाईत कधीच वापरली गेली नाही यावर दोघांचंही एकमत आहे, आणि माझ्या मते संग्राहकाच्या दृष्टीने याहून गुणी हत्यार सापडणार नाही. एकच बार काढला आणि तीनशे वर्षं पुसून ठेवली.

खंडेनवमीला आमच्या घरी सुरी, कात्री, पाना आणि मुलाचा लॅपटॉप पाटावर बसतो. ठाकूरसाहेबांच्याकडे दसऱ्याला वेब्लीला कुंकू लागतं, शेजारी दुनळी आणि .३१५ ची रायफल. म्हणजे लागायचं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली. सरकारचा पहिला विचार तर एकाचाच होता. तिसरं जमा करायला वर्षाची मुदत होती. ठाकूरसाहेबांनी ती पुरेपूर वापरली. रोज तिन्ही काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. शेवटी ठकुराणींनी सुचवलं, “जी सगळ्यांत जास्त पुसता ती द्या. गालिचा तरी वाचेल.”

त्यांनी रायफल दिली. दुनळी वडिलांची होती म्हणून राहिली. वेब्ली का ठेवलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. लोखंडी कपाटात जागा मोकळी झाली, तिथे ठकुराणींनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. कपाटाची किल्ली मात्र अजून ठाकूरसाहेबांच्याच कनवटीला असते, त्यामुळे घरात कुणाला कैरीचं लोणचं हवं असलं की अर्ज करावा लागतो.