ना हरकत क्वार्टर

महाराष्ट्रात दारू विकायचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली. कायदा १९४९ सालचा. तो आजही नावाला जागून दारूबंदीच करतो; फक्त ती बंदी कुठे कुठे लागू नाही हे सांगण्यासाठी वाइन शॉपचा एक, परमिट रूमचा दुसरा, बिअर शॉपीचा तिसरा आणि देशीचा चौथा असे नमुने छापून ठेवलेत. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच. वर्षाचा शंभर, आजीवन हजार. तोही चैनीसाठी नव्हे, प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे शुक्रवारी रात्री भोसरीतल्या वाइन शॉपसमोर जी रांग लागते, ती कायद्याच्या लेखी ओपीडी आहे.

वयाचंही तसंच. बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षी, बाकी सगळं पंचविसाव्या. आयटीआय करून चाकणला लागलेला पोरगा अठराव्या वर्षी मशीनवर उभा राहतो, मत देतो, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढतो. क्वार्टरच्या बाबतीत मात्र घाईत निर्णय होऊ नये म्हणून सरकार त्याला आणखी चार वर्षं देतं.

सरकारची अडचण आपण समजून घेत नाही. त्याला दारूचा पैसा हवा आहे, पण गल्ल्यावर बसलेलं दिसायचं नाही. २०२५ साली ही अडचण फार कौशल्याने सुटली, आणि तिचा पहिला अंक आपल्याच चिंचवड-काळेवाडीत घडला. तिथल्या सोसायटीच्या गाळ्यातल्या दारूविक्रीचा प्रश्न मार्चमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशनात भोसरीचे आमदार महेश लांडगे यांनी विधानसभेत मांडला. अर्थ आणि उत्पादन शुल्क ही दोन्ही खाती तेव्हा अजित पवारांकडे होती. तिजोरी आणि बाटली एकाच हाती असल्यामुळे उत्तरही तिथल्या तिथे मिळालं: यापुढे सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी बंधनकारक. आणि चालू दुकान बंद करायचं असेल, तर वॉर्डात मतदान घ्या. झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद.

७५ टक्के! आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत ३२ प्रभाग आणि १२८ नगरसेवक. त्यातल्या किती जणांना ७५ टक्के मतं पडली असतील, हा प्रश्न त्यांना विचारू नये, वाईट दिसतं. तिरंगी लढतीत याच्या निम्म्या मतांत माणूस खासदार होतो. खासदार उभा करायला जेवढं लागतं, त्याच्या दुप्पट बाटली आडवी करायला. गावाकडे त्या मानाने सोपं आहे. तिथे २००८च्या नियमाने निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ठरवलं तरी पुरतं. त्यामुळे चाकणकडच्या एखाद्या गावातल्या बाईने शहरात राहायला येताना एवढं लक्षात ठेवावं, की तिचं मत वाटेत स्वस्त होणार आहे.

आता दुसरा अंक. दारू दुकानाला सोसायटीने 'नाही' म्हणायची सोय मार्चमध्ये झाली. जूनच्या १० तारखेला मंत्रिमंडळाने 'हो' म्हणायची व्यवस्था केली. विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिप्पट होतं ते साडेचारपट झालं. देशीची १८० मिलीची बाटली किमान ८० रुपये, विदेशीची किमान २०५. मध्ये १४८ रुपयांचा एक नवा वर्ग जन्माला आला, धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा. मराठी माणसाने उद्योगात मागे राहू नये ही जुनी कळकळ अखेर १४८ रुपयांना मार्गी लागली. यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला गेला. शिवाय वाइन शॉप आणि परमिट रूमचा परवाना दुसऱ्याला चालवायला देण्याची वाट मोकळी झाली, परवाना शुल्काच्या १५ आणि १० टक्के जादा भरून. पुढे १४ जुलैला करवाढीच्या निषेधार्थ बारमालकांनी राज्यभर एक दिवस बार बंद ठेवले. १९४९च्या कायद्याची इतकी शिस्तबद्ध अंमलबजावणी खात्यालाही कधी जमलेली नव्हती.

वाइन शॉपचे नवे परवाने मात्र पन्नासेक वर्षं बंद आहेत, हे सरकार अभिमानाने सांगतं. बंद आहेत म्हणूनच जुन्या परवान्याला सोन्याचा भाव आहे, आणि तो जिथे माणसं राहायला येतात तिथे स्थलांतर करतो. माणसं वाकड, मोशी, चऱ्होलीला आली, परवानेही आले. बिअर शॉपी आणि परमिट रूमला तर ही आडकाठीच नाही. त्या जुलैमध्ये मद्य बनवणाऱ्या ४१ कंपन्यांना प्रत्येकी आठ, अशी ३२८ नवी दुकानं देण्याची चर्चा निघाली आणि गदारोळ झाला. मला गदारोळाचं कारण कळलं नाही. शेतकऱ्याने स्वतःचा माल स्वतः विकावा असं आपणच म्हणतो ना?

अंतराचा प्रश्नही आपल्याकडे जुनाच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको असं सांगितलं, तेव्हा निगडी-दापोडी रस्त्यावर नि नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत टेप घेऊन माणसं फिरली. केरळात एका बारमालकाने आवारात वेडीवाकडी भिंत घालून चालायचं अंतरच वाढवलं. आपल्याकडे तेवढी बांधकामाची हौस करावी लागली नाही. पालिका हद्दीला आदेश लागू नाही, हा खुलासा जुलै २०१७मध्ये आला आणि पाट्या पुन्हा उजळल्या. खरं तर चाकणसाठी न्यायालयाने अंतर मीटरमध्ये न सांगता मिनिटांत सांगायला हवं होतं. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आंबेठाण चौक ते तळेगाव चौक एवढं जायला जो वेळ लागतो, त्यात प्यालेल्याची उतरते आणि न प्यालेल्याला गरज भासू लागते. उद्योगपती रस्ता मागतात, ट्रक टर्मिनल मागतात, खड्डे बुजवा म्हणतात. सरकारला विकासाची एक बाजू नीट कळलेली आहे: रस्त्यातून महसूल येत नाही.

आणि हो, कंत्राटी पोराला २०५ची क्वार्टर परवडली नाही तर तो दारू सोडेल, असा एक अर्थशास्त्रीय विचार आहे. हातभट्टीवाल्याचाही तोच विचार असावा. निदान त्याच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसत नाही. त्याला ना साडेचारपट लागू, ना ५०० मीटर, ना सोसायटीची एनओसी.

एनओसीचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. समजा मोशीकडची एखादी अडीचशे फ्लॅटची सोसायटी आहे. रविवारची सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक सहा: 'गाळा क्र. ४ येथे बिअर शॉपीस ना हरकत देणे.' टेल्कोतून रिटायर झालेले काका उठतात, संस्कार, वारकऱ्यांची भूमी, आळंदी इथून किती किलोमीटर, सगळं सांगतात. टाळ्या पडतात. मग गाळेमालक नम्रपणे उभे राहतात आणि बी विंगची बंद लिफ्ट दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवतात. सभा शांत होते. कोणी तरी टँकरचा विषय काढतं. शहरात दिवसाआड पाणी २०१९पासून सुरू आहे, टँकरचं बिल सेक्रेटरीच्या तोंडपाठ आहे. गाळेमालक महिन्याला चार टँकर म्हणतात. मागून आवाज येतो, "आठ करा." काका बी विंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतात. ते पुन्हा उठतात, पण आता त्यांना फक्त पाटीच्या रंगाबद्दल बोलायचं असतं.

ठराव असा होतो: गाळा क्र. ४ला संस्थेची ना हरकत. अटी: पाटी गेटकडे नसावी, रस्त्याकडे असावी. गिऱ्हाइकांनी व्हिजिटर पार्किंग वापरू नये. आषाढी एकादशीला दुकान बंद ठेवावं, म्हणजे कायद्याने असतंच तसं. सभासदांना एमआरपीवर सवलत मिळावी ही सूचना कायद्यात बसते का, हे तपासण्यासाठी उपसमिती नेमण्यात येत आहे. सूचक, काका. अनुमोदन, बी विंग. विषय क्रमांक सात, भटकी कुत्री, वेळेअभावी पुढील सभेत.