ज्याचा अंगठा लागतो, त्याला घेऊन या

आमच्याकडे पालकसभा दिवाळीच्या आधी उरकायची असते. बीड जिल्ह्यात, त्यातही शिरूर कासारच्या अंगाला नोकरी केलेल्या शिक्षकाला याचं कारण विचारावं लागत नाही. एकदा मुकादमाच्या गाड्या लागल्या की टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या पार उन्हाळा लागल्यावर परततात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या जिवावर घेतलेली असते, त्यामुळे आई-बाप दोघंही जातात. गावात मागे राहतात म्हातारी माणसं, लेकरं आणि त्या लेकरांना शिकवायला आम्ही. थोडक्यात, निम्मं वर्ष माझ्या वर्गाचे पालक म्हणजे आज्या.

या पालकांना शैक्षणिक ॲप समजावून सांगावीत असा मला आदेश आहे. माझी त्याला हरकत नाही. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये खिचडी किती पोरांनी खाल्ली याची नोंद करायचं एक, हजेरीचं एक, प्रशिक्षणाचं एक अशी ॲपची इतकी दाटी झालीय की त्यातली एक-दोन कुणाच्या गळ्यात घालता आली तर मला आनंदच आहे.

सभेला बायका हातात फोन घेऊन येतात. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं, की ग्रामीण भारतात शाळेत नाव घातलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. २०१८ साली हाच आकडा ३६.५ होता. मात्र घरात फोन असूनही त्यातल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येत नाही, असंही त्यात होतं. आता असरवाल्यांनी लेकरांचं विचारलं, आयांचं विचारलं असतं तर आकडा कुठल्या कुठे गेला असता. कारण सभेला फोन येतो, तो उघडणारा अंगठा येत नाही.

"ह्यांचा अंगठा लागतो, मॅडम."

"मग ते कुठायत?"

"पाटोद्याला गेलेत. टायरचं बघायला."

अशी एक नाही, निम्मी सभा. प्रौढ शिक्षणाच्या वर्गांना गावातल्या म्हाताऱ्यांचा अंगठा सोडवून त्यांना सहीवर आणायला किती वर्षं लागली! आता पोरगेलेसे बापही प्रगतिपुस्तकावर इंग्रजीत झोकदार सही ठोकतात आणि घरचा सगळा कारभार परत अंगठ्यावर चालतो. बायकोला तोंडी अंक सांगितला असता तरी काम भागलं असतं, पण तेवढा विश्वास कुठलंच ॲप उतरवून देत नाही.

ज्यांचे फोन उघडले त्यांच्यासाठी मी 'दीक्षा'पासून सुरुवात केली. हे केंद्र सरकारचं ॲप, ५ सप्टेंबर २०१७ ला म्हणजे बरोबर शिक्षकदिनी सुरू झालेलं. उघडलं की ते आधी भाषा विचारतं, मग तुम्ही कोण ते विचारतं. इथे पहिला अडथळा. "मी कोण म्हणून लिहू?" एका आजीनं विचारलं. विद्यार्थी म्हणावं तर दात नाहीत, शिक्षक म्हणावं तर पगार नाही, आणि यादीत 'आजी' असा पर्याय नाही. जिच्या भरवशावर सहा महिने आमची शाळा चालते, तिला खुद्द दीक्षेत जागा नाही. मी तिला विद्यार्थी केलं. ती म्हणाली, "आता या वयात?" पण तिला ते आवडलं असावं, कारण नंतर ती दोन ओळी पुढे येऊन बसली.

मग ॲपनं बोर्ड विचारला. यावर एक बाप, स्वतः दहावी दोनदा दिलेले, एकदम सावरून बसले. "दुसरीच्या पोराला बोर्ड? एवढ्या लवकर?" बोर्ड म्हणजे परीक्षा नव्हे, महाराष्ट्राचा अभ्यासक्रम निवडायचाय, हे मी सांगितलं. पण बोर्डाची धास्ती ज्यानं दोनदा खाल्ली, त्याला असं सांगून पटत नसतं. त्यांनी फोन बायकोकडे दिला. "तू दाब."

त्यानंतर पुस्तकातला क्यूआर कोड. हा ठोकळा आता गावात सगळ्यांना ओळखीचा आहे. किराणा दुकानात आहे, चहाच्या टपरीवर आहे, जत्रेत देवीच्या दानपेटीवरसुद्धा चिकटवलेला आहे. अडचण हीच, की तो पैसे घेण्याकरता असतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी बालभारतीचं पुस्तक पुढे धरलं आणि "स्कॅन करा" म्हटलं तर चारपाच जणांनी सवयीनं पैसे पाठवायचं ॲप उघडलं. एका आजीनं नातवाचं पुस्तक पदराखाली ओढलं. "पैसे कटतील!"

"कटत नाहीत आजी. फुकट आहे. धड्याचा व्हिडिओ दिसतो."

"फुकट कामून? मग त्यांचं काय निघतं त्यातून?"

शैक्षणिक तंत्रज्ञानावर मी बरीच प्रशिक्षणं बसून काढली आहेत, तज्ज्ञ ऐकले आहेत. एवढा नेमका प्रश्न मी तिथे ऐकलेला नाही. दीक्षा सरकारी आहे म्हणून निभावलं. बाकीच्या 'पहिला महिना मोफत' वाल्या ॲपांना हाच प्रश्न आईबापांनी विचारला असता तर पुष्कळ घरांतले हप्ते वाचले असते.

सभेत जरा उत्साह यावा म्हणून मी सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण दिलं. माढा तालुक्यातली परितेवाडी, आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची शाळा. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांना घरी धडे ऐकता यावेत म्हणून. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं.

"म्हणजे किती?"

"सात कोटींच्या वर."

वर्गात शांतता पसरली. मग सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. "मग मॅडम, तुम्ही हितं काय करताय?"

त्यातली निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे मी घाईघाईनं सांगितलं. माझा हेतू आदर वाढवण्याचा होता. मागून एका बाईंचा काळजीचा आवाज आला, "घरी विचारलं होतं का त्यांनी?"

आता ॲप उतरवून घ्यायची वेळ आली आणि सगळ्यांचे फोन एकमुखानं म्हणाले, जागा नाही. ही जागा करण्याचं काम मी एका जोडप्याबरोबर बसून केलं, आणि तुम्हाला सांगते, गावात पंचायतीची जागा रिकामी करून घेणं त्याहून सोपं. सुरुवात 'शुभ सकाळ'पासून. सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा पटापट गेले. मग विठ्ठल आला. बोट थांबलं. "देव कसा पुसायचा, मॅडम?" विठ्ठल राहिला, पाठोपाठ भगवानबाबा, तुळजाभवानी आणि एकाच गणपतीच्या अकरा प्रती राहिल्या. नंतर मेहुण्याच्या वरातीचा व्हिडिओ लागला. सगळ्यात अवजड माल तोच होता. ते पुसणार तेवढ्यात बायको म्हणाली, "माझ्या भावाचं लग्न पुसता? तुमच्या बैलाचा पुसा की!" पोळ्याला सजवलेल्या बैलाचा व्हिडिओ होता. तो बैल गेल्या साली विकला. गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसतं पुढे सरकवलं. शेवटी जागा झाली. वर्षभर मी पालकांच्या गटावर पाठवलेले स्वाध्याय होते, एकही न उघडलेला. त्यावर मात्र दोघांचं एका क्षणात एकमत झालं.

गूगलचं 'रीड अलाँग' मला मनापासून आवडतं. भारतात ते २०१९ साली 'बोलो' या नावानं आलं. लेकरू मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, अडलं तर शब्द म्हणून दाखवतं, आणि बरोबर वाचलं की चांदण्या देतं. गोष्टी एकदा उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, म्हणून हा गुण मोठा. त्यात दिया नावाची पोरगी बोलते. तिची चौकशी आज्यांनी कसून केली. कुणाची, कुठली, लग्न झालंय का.

"ती रागवत नाही?"

"नाही."

"हात उगारत नाही?"

"तिला हात नाही उगारता येत, आजी."

"मग लेकरं शिकतात कशी?" आणि एक सूचक नजर माझ्या हाताकडे.

या आजींचा नातू माझ्याकडे दुसरीत आहे. परक्या पोरीपाशी लेकराला एकटं कसं सोडायचं, म्हणून तो वाचत असला की आजी शेजारी वाती वळत बसते. आजीला अक्षरओळख नाही. पण एकच गोष्ट इतक्यांदा कानावर पडली आहे की नातवानं खेळायला पळायच्या घाईत एखादी ओळ गाळली तर वात वळता वळताच विचारते, "कोल्हा विहिरीत पडला कधी? आत्ता तर शेतात होता." त्याला परत मागे यावं लागतं. बाहेर मित्र हाका मारत असतात, आणि कोल्हा विहिरीत पडल्याशिवाय सुटका नाही. दियाला चुकवणं पोरांना लवकर जमतं, मी पाहिलंय. फोन उशीखाली घालून भावाला वाचायला लावतात. आजीला चुकवल्याचं अजून माझ्या ऐकण्यात नाही.

दिवाळीनंतर व्हायचं ते झालं. फोन आई-बापाबरोबर कारखान्याच्या तळावर गेले, ॲप फोनबरोबर गेली आणि लेकरं गावात राहिली. शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल'मधल्या माता गटाचे आठवड्याचे उपक्रम मी गटावर टाकते: भाज्या रंगाप्रमाणे वेगळ्या करा, भाकरी मोजा, डब्याचा आकार ओळखा. ते कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात पोचतात, तिथून अंगठा वर करून उत्तर येतं, आणि भाकरी इकडे आजीच्या चुलीपाशी मोजायच्या राहतात. म्हणून मी आता दुपारच्या सुट्टीत आज्यांना तोंडीच सांगते. त्यांना ते उपक्रम वाटतच नाहीत. "भाकरी तर रोजच मोजते की मी, पीठ काय फुकट येतं?"

एका आईचा मात्र रात्री व्हिडिओ कॉल आला. मागे कोपीचं, म्हणजे तळावरच्या झोपडीचं, पाचट, कुठेतरी ट्रॅक्टरवर गाणी चाललेली. जरा लाजत म्हणाली, "मॅडम, आमच्या गणेशच्या नावावर मीच वाचलं. लई चांदण्या मिळाल्या." सातवीत शाळा सुटली होती तिची. आता कोपीतल्या बाकीच्या बायकाही गाडी भरून झाल्यावर गोल बसून वाचतात, आणि कुणाच्या चांदण्या जास्त यावरून भांडण होतं म्हणे. मग ती गणेशला शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावते आणि त्याला वाचायला लावते. तो अडला की थांबते, शब्द सांगते, शाब्बास म्हणते. मुकादमाची हाक आली की ॲप बंद.

महिन्याच्या तक्त्यात 'ॲप वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या' असा एक रकाना आहे. तिला मी त्यात धरलं.

तर समस्त पालकांना कळविण्यात येते की पुढची सभा टोळ्या परत आल्यावर, शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. फोन पूर्ण चार्ज करून आणावा. देव राहू द्यावेत, बैल राहू द्यावा, वरातीचं घरीच काय ते ठरवून यावं. ज्याचा अंगठा लागतो त्याला बरोबर आणावं, त्याचा टायर कितीही पंक्चर असला तरी. आज्यांनी मात्र तशाच यावं. त्यांना फोन नसला तरी चालतो.