अळीची स्वतंत्र खोली

छंद हा माणसाच्या खिशाला, प्रकृतीला आणि विशेषतः खोलीच्या क्षेत्रफळाला अनुरूप असावा, या सुज्ञ विचाराने मी भुंगेरे पाळू लागलो. कुत्र्याला गॅलरी लागते, पोपटाला खुंटी लागते, आणि दोहोंनाही शेजाऱ्यांची संमती लागते. परंतु टेनेब्रिओनिडी कुळातील काळ्या भुंगेऱ्यांना गव्हाचा कोंडा, गाजराचा काप आणि काळोख एवढे तीन जिन्नस मिळाले की त्यांची काही तक्रार उरत नाही, आणि यांपैकी तिसरा जिन्नस आमच्या गिरगावच्या चाळीत भरदुपारीही मुबलक व विनामूल्य मिळतो.

या कुळाची एक शाखा आमच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने नांदत होती, हे मात्र मला उशिरा उमगले. माझ्या छंदाची वार्ता कानी पडताच सौभाग्यवतींनी पिठाचा डबा पुढ्यात आदळला. आत तेच तांबूस किडे होते, ज्यांचे नामकरण हर्बस्ट नावाच्या जर्मन पंडिताने १७९७ साली केले आणि ज्यांची समग्र जनुकीय कुंडली २००८ साली प्रसिद्ध झाली. भुंगेऱ्यांत हा मान प्रथम यांनाच मिळाला. मी हे सगौरव निवेदन केले. “कुंडली मांडून आता काय उपयोग?” ती चाळणी शोधत म्हणाली, “प्रजा आधीच झाली आहे.”

नातलगांपुढे मी वंशपरंपरेचा दाखला देतो. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची संस्था स्थापणाऱ्या आठ गृहस्थांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. पैकी पहिल्यांच्या प्रार्थना समाजाचे नाव तर आमच्या शेजारच्या वस्तीलाच चिकटले आहे. तिसरे एटकेनसाहेब, जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात व मीठ खात्यात, आणि फुरसतीचा उद्योग बंगल्यातल्या किड्यामुंग्यांवर विनोदी निबंध लिहिण्याचा! सरकारी खात्यात राहून मुंग्यांचे निरीक्षण करता येते, यात मला तरी काही नवल वाटले नाही.

खरी कसोटी झोफोबासने पाहिली. दक्षिण व मध्य अमेरिकेतील या भुंगेऱ्याच्या बोटभर अळ्या शौकिनांच्या माशांचा खाऊ म्हणून विकल्या जातात. त्या मी क्रॉफर्ड मार्केटातून आणून कोंड्यात सोडल्या आणि भुंगेऱ्यांची वाट पाहू लागलो. अळ्या खात होत्या, कात टाकत होत्या, लठ्ठ होत होत्या. प्रौढ होण्याची तजवीज मात्र एकीचीही दिसेना. कारण असे की, ही अळी गर्दीत कोषावस्थेत जातच नाही. कोष म्हणजे निश्चल, निराधार देह. भोवतालचे भाऊबंद तो बिनदिक्कत खाऊन टाकतात. म्हणून स्वतंत्र खोलीचा कब्जा मिळेपर्यंत ती बाल्यावस्थेतच राहते.

ज्या शहरात बी. डी. डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांत तीन तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या शहरात एका अळीने ही अट घालावी! दादरच्या एका छायाचित्रकाराकडून रिळांच्या रिकाम्या डब्या मागून आणल्या, झाकणांना भोके पाडली आणि विनापागडी एकेकीला एकेक खोली दिली. काही दिवसांतच अळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकून पडली, मग तिचा मेणासारखा पांढुरका कोष झाला, आणि पुढे एका सकाळी डबीत फिकट, ओलसर, बावरलेला भुंगेरा उभा होता, जो दोन दिवसांत बुटाच्या पॉलिशसारखा काळा झाला. परळचा भाचा, ज्याचे लग्न खोलीअभावी तीन वर्षे लांबणीवर पडले आहे, त्या डब्यांच्या रांगेकडे फार वेळ पाहत बसला होता. “यांना नोंदणी लागत नाही ना, मामा?” एवढेच त्याने विचारले.

माझी महत्त्वाकांक्षा मात्र सोनोरा वाळवंटातील निळ्या भुंगेऱ्यावर आहे. हा भय वाटताच पाय ताठ करून उताणा पडतो आणि वसुलीसाठी आलेला इसम निघून जाईपर्यंत मेल्याचे सोंग वठवतो. पाळलेल्या स्थितीत त्याची वीण घडवून आणणे इतके दुष्कर, की मुरब्बी शौकीनही हात टेकतात. त्याचा निळा रंग म्हणजे कोरड्या हवेत अंगावर चढणारी मेणाची साय. हवा दमट झाली की ती मावळते आणि खालचा काळा देह उघडा पडतो. मुंबईच्या आषाढात त्याचे काय होईल, हे मी सौभाग्यवतींना सविस्तर समजावून सांगितले.

“म्हणजे एवढा खर्च करून आणायचा निळा,” ती पीठ चाळता चाळता म्हणाली, “आणि पाळायचा काळाच. मग हे चाळणीतले काय वाईट आहेत? यांना पावसाळाही मानवतो.”